धावदोरा

नव्या सत्रात शिवणाचा तास वेळापत्रकातून गेला.
कुणी उसवला कळलं नाही; टाकाच कच्चा असणार.
रेगेबाई म्हणाल्या, तुमचे सहा तास रिकामे आहेत,
ड्रोनच्या शर्यतीचा संघ काढायचाय, तुम्हीच बघा.
मी म्हटलं, मला बॉबिन भरता येते.
म्हणाल्या, मग झालं तर.

खोक्यातून चार यंत्रं निघाली,
तळहातावर मावतील एवढी,
भरल्या रिळापेक्षा हलकी.
भदौरिया सर चष्मा वर सारून म्हणाले,
बाहेर नाही हं उडवायची, वर हवाईदलाचं आकाश आहे.
खरंय. ग्वाल्हेरला आकाश आपलं नसतं.
विमान येतं, खिडक्या थरथरतात,
आम्ही शब्द अर्ध्यावर धरून ठेवतो,
ते गेलं की उरलेलं अक्षर.

म्हणून सभागृह.
एप्रिलच्या उकाड्यात, पंखे बंद करून.
मुलं सात. त्यांतला लोकेंद्र कुशवाह,
वडील कंपूत पंख्यांच्या मोटारी गुंडाळतात,
त्यामुळे तारेला न घाबरणारा तो एकटाच.
अफशाँला गॉगल लावताच उलटी झाली,
दुसऱ्या दिवशी ती लिंबू घेऊन आली.
आणि शितोळ्यांची मृण्मयी,
जिच्या प्रगतिपुस्तकात मी तीन वर्षं
एवढंच लिहीत आले होते: बोलत नाही.

डाग द्यायला मला लोकेंद्रनेच शिकवलं.
कथील वितळलं, थेंब झाला, जागेवर बसला.
हात नाही हलला माझा.
तीस वर्षं काजं केली त्याचं
काहीतरी व्हायचं होतंच.

कसरतीच्या रिंगा बांबूंना बांधल्या,
दिसाव्यात म्हणून त्यांना चंदेरीचे उरलेले काठ शिवले.
सगळे त्यांना गेट म्हणत होते.
मी म्हटलं, नेढी.
"सुई का छेद, मॅडम?"
हो रे, तेच, पण आमच्याकडे त्याला
स्वतःचं नाव आहे.
एक नेढं खाली, एक वर, एक खाली, एक वर,
शाळेच्या पहिल्या रुमालावर घालतात तसा
धावदोरा.
नाव तिथेच ठरलं.

पहिल्या आठवड्यात संस्थापकांच्या तसबिरीची काच गेली.
दुसऱ्यात एक यंत्र पडद्याच्या पेटीमागे पडलं,
ते अजून तिथेच आहे.
बॅटरी तीन मिनिटं पुरते,
मग चार्जरभोवती सातजण,
भाकरी फुगायची वाट बघावी तसे.
उलटं पडलं तर सुलटं करायचं एक बटण असतं,
मुलं त्याला कासव म्हणतात.
अफशाँने विचारलं, हे माणसांना नसतं का?
मी म्हटलं, तू लिंबू चोख.

भोपाळला अकरा संघ. आम्ही नववे.
मृण्मयीने शेवटची फेरी अशी काढली
की मागच्या रांगेतली कुठलीशी आई उभी राहिली,
पण तोवर दोन बॅटऱ्या आधीच बसल्या होत्या.
प्रमाणपत्रावर लिहिलं होतं: धावडोरा.
मी घडी घालून पिशवीत ठेवणार तेवढ्यात
मृण्मयी टेबलाशी गेली
आणि म्हणाली, "डो नहीं, दो."
माणसाने तिच्याकडे पाहिलं,
आणखी एक प्रमाणपत्र काढून दिलं.
आता आमच्याकडे दोन आहेत. दोन्हींवर डो.
गाडीत मुरैन्यापर्यंत सगळे हसत होते,
ग्वाल्हेर मागे राहिलं तेव्हा
टीसीने येऊन सांगितलं.

सोमवारी मुलांनी मला खुर्चीत बसवलं,
गॉगल चढवला.
उडवत मृण्मयी होती, मी नुसती आत.
फरशी सुटली,
चंदेरीचा जांभळा काठ धावत अंगावर आला
आणि मी नेढ्यातून पार.
पुढच्या वळणावर एक बाई दिसली,
खुर्चीचे हात गच्च धरलेली,
अंबाडा सैल, डोळ्यांवर खोकं.
तिच्या खांद्यावरून एक पांढरा दोरा लोंबत होता.
मी हात नेला. तिनेही नेला.

"हलू नका, बाई," कानाजवळ आवाज आला,
"तुमच्याभोवती एक टाका घालते."